टोलनाका, कबुतरं आणि निबर होत जाणारं फुफ्फुस

तंतूवाद्य
रविवार, रात्री १०:४०

गेल्या महिन्यात ठाण्याला मावशीकडे गेलो होतो. चहा टाकायला उठली, स्वयंपाकघरापर्यंत पोचली आणि ओट्याला धरून उभीच राहिली. "काही नाही रे, जरा दम लागतो." मी तिच्या पाठीला सरळ कान लावला. (मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत उंदरांच्या फुफ्फुसांवर काम करतो, आणि उंदराच्या पाठीला कान लावायची सोय नसते.) बरगड्या संपतात तिथे, श्वास आत घेताना अगदी शेवटी, चर्र चर्र. सँडलचा चिकटपट्टा सावकाश उघडावा तसं.

दीड वर्ष दमा समजून पंप, मग थुंकीत काही न सापडताही सहा महिने टीबीच्या गोळ्या. शेवटी एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) झाला आणि निदान आलं: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, फायब्रोसिससह. म्हणजे श्वासातून जाणाऱ्या कशाचं तरी फुफ्फुसाला वावडं आणि त्यातून पडलेले वण. ते 'कशाचं तरी' शोधायला लांब जावं लागलं नाही. बेडरूमच्या खिडकीबाहेर डक्टमध्ये कबुतरांच्या तीन पिढ्या नांदताहेत.

घरात आता दोन पक्ष आहेत. काका म्हणतात, इम्युनिटी कमी पडली म्हणून झालं, काढा द्या. मावसभाऊ म्हणतो, इम्युनिटी जास्त झाली म्हणून झालं, ती दाबा. दोघांनाही समजावून थकलो, म्हणून इथे लिहितोय.

आधी फुफ्फुस. त्यात वायुकोशांचे ३० ते ५० कोटी फुगे असतात. सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर भरतील, म्हणजे मुंबईतला बऱ्यापैकी दोन बेडरूमचा फ्लॅट. या फ्लॅटच्या भिंती इतक्या पातळ की ऑक्सिजन आरपार जातो. दिवसरात्र बाहेरची हवा, धूळ, जंतू, बुरशी आत येत असताना हे घर शाबूत राहतं, कारण दारोदार पहारेकरी आहेत. त्यातले सगळ्यात जुने पहारेकरी म्हणजे उपजत प्रतिकारशक्तीचे रिसेप्टर. हे आजारातून किंवा लशीतून शिकत नाहीत, जन्मतःच ठरावीक खुणा ओळखतात.

त्यातलं एक कुटुंब म्हणजे टोल-लाइक रिसेप्टर, टीएलआर. 'टोल' हा जर्मन शब्द, आपल्या 'भारीच!' सारखा. ख्रिस्टियाने न्युसलाइन-फोल्हार्ड यांनी फळमाशीच्या अळीतला एक विचित्र बदल पाहून तो उद्गार काढला आणि जीनला तेच नाव चिकटलं. पुढे १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्युल्स हॉफमन आणि ब्रूनो लमेत्र यांनी दाखवलं की टोल बिघडलेली माशी बुरशीपुढे टिकत नाही. त्या मेलेल्या, बुरशीने केसाळ झालेल्या माशीचा फोटो आमच्या क्षेत्रात प्रत्येकाने पाहिलेला असतो. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला उंदरात त्याचाच नातलग सापडला: टीएलआर-४, जीवाणूंच्या आवरणातला एक घटक ओळखणारा. २०११ च्या नोबेलमध्ये हॉफमन आणि बॉयटलर दोघांचा वाटा होता. माणसात असे १० टीएलआर आहेत.

आता वणांचा यात काय संबंध? पॉली मॅट्झिंगर यांनी १९९४ मध्ये मांडलं की प्रतिकारशक्ती 'परका कोण' एवढंच बघत नाही, 'मोडतोड कुठे झाली' हेही बघते. टीएलआरच्या बाबतीत ते चपखल बसतं. पेशी फुटली की आतला ऐवज बाहेर सांडतो, आणि हे पहारेकरी त्यालाही हाक देतात. मायटोकाँड्रियाचं उदाहरण मला फार आवडतं. हे आपल्या पेशीतले वीजघर, पण मूळचे जीवाणू. कोट्यवधी वर्षं आपल्याकडे भाड्याने राहूनही त्यांच्या डीएनएवर जुन्या गावचा शिक्का आहे. तो डीएनए बाहेर सांडला की टीएलआर-९ ला वाटतं जीवाणू शिरले. ज्यांच्या फुफ्फुसावर कारण न सापडता वण पडत जातात (आयपीएफ), त्यांच्या रक्तात असा सांडलेला डीएनए जास्त सापडला आणि ज्यांच्यात तो जास्त त्यांची तब्येत लवकर ढासळली, असा अभ्यास २०१७ मध्ये आला.

थोडक्यात, चोर नसताना शिट्टी वाजत राहते. शिट्टी वाजली की दुरुस्तीवाले गवंडी येतात, म्हणजे फायब्रोब्लास्ट, आणि कोलॅजेन ओततात. एकदा ओतलं तर जखम भरते. वर्षानुवर्षं ओतत राहिले तर ७० चौरस मीटरच्या पातळ भिंतींना प्लास्टरवर प्लास्टर. भेंडी निबर होते तसं फुफ्फुस निबर होतं.

उरलेलं उद्या. झोप आलीय.

नागपुरी_संत्रं
रविवार, रात्री ११:२५

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. टोल म्हटलं की आमचा हात आधी खिशाकडे जातो, त्यामुळे शीर्षक वाचून समृद्धी महामार्गावरचा धागा समजून आत आलो :)

गंमत सोडा, पण कबुतरं फक्त मुंबईपुण्याचा प्रश्न वाटतोय. आमच्याकडे एवढी नाहीत. मग इकडे हा आजार नसणार का?

डॉ_फुंकर
सोमवार, सकाळी ७:०५

संत्रं, तुमच्या छतावर कूलर आहे ना?

भारतातल्या अशा आजारांची मोठी नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १९ शहरांतली २७ केंद्रं, १,०८४ रुग्ण. पाश्चात्त्य देशांत आयपीएफ वरचढ असतो, आपल्याकडे मात्र ४७ टक्के रुग्ण हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे निघाले. आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या घरी एअर कूलर होता. ओलं गवत, साचलेलं पाणी, त्यातली बुरशी आणि पंखा थेट तोंडावर. बुरशीच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन ओळखणारा वेगळा पहारेकरी आहे, डेक्टिन-१. तो टीएलआर कुटुंबातला नाही, पण काम तेच.

मी छातीचा डॉक्टर आहे, गाव सांगत नाही. पेशंटला पहिला प्रश्न 'सिगरेट ओढता का' आणि दुसरा 'खिडकीत काय आहे' हा असतो. दुसऱ्याचं उत्तर नेहमी 'काही नाही' असं येतं. मग सोबत आलेली सून हळूच सांगते, "ते दाणे टाकतात ना रोज."

मीनाक्षी_ठाणे
सोमवार, सकाळी ९:५०

दाण्यांचा विषय काढू नका. २०२५ च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा किती राडा झाला, आंदोलनं, हायकोर्ट. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या आठवड्यात तीन जण ग्रुप सोडून गेले.

एक शंका. सोसायटीत दोनशे माणसं तीच हवा घेतात. मग एकट्या मावशींनाच का?

उगाच_एक
सोमवार, दुपारी १:१५

इम्युनिटी कमी असेल म्हणून. रोज गुळवेलीचा काढा घेतला असता तर ही वेळ आली नसती. आमच्या घरी कोविडपासून चालू आहे, कुणाला शिंक नाही. ॲलोपॅथीवाल्यांना हे पटणार नाही.

तंतूवाद्य
सोमवार, रात्री ९:३०

उगाच_एक, आमच्या काकांचा आयडी तर नाही ना हा? :) तुमच्यासाठीच खालचा भाग.

टीएलआर-४ घेऊ. आपल्या ऊतींमध्ये हायलुरोनन नावाची लांबलचक साखर असते. (होय, बायकोच्या चेहऱ्याला लावायच्या सीरमच्या बाटलीवर असतं तेच.) दुखापत झाली की तिचे तुकडे पडतात आणि टीएलआर-२ व टीएलआर-४ ते ओळखतात. आता साधं डोकं काय सांगेल? हे दोन रिसेप्टर काढून टाका, शिट्टी बंद, वण बंद. २००५ मध्ये पॉल नोबल यांच्या गटाने दोन्ही नसलेले उंदीर घेतले आणि ब्लिओमायसिन या औषधाने फुफ्फुसाला इजा केली. उंदीर वाचायला हवे होते. उलट त्यांचं नुकसान जास्त झालं.

कारण नीट कळायला २०१६ उजाडलं. वायुकोशाच्या भिंतीत टाइप-२ पेशी असतात. दिसायला गुबगुबीत. फुगे मिटू नयेत म्हणून साबणासारखा द्रव त्याच बनवतात, आणि भिंत फाटली की स्वतः विभागून नवी भिंतही त्याच घालतात. या पेशींच्या अंगावर हायलुरोनन आणि टीएलआर-४ दोन्ही असतात आणि त्यांच्या गाठीभेटीतून पेशीला 'वाढ, भिंत भर' असा निरोप जातो. फक्त टाइप-२ पेशींमधून टीएलआर-४ काढला तरी उंदरांना जास्त फायब्रोसिस झाला. आयपीएफच्या रुग्णांच्या टाइप-२ पेशींवर हे हायलुरोननच कमी सापडलं.

आता उलटी बाजू. स्क्लेरोडर्मा या आजारात त्वचा आणि फुफ्फुस दोन्ही निबर होतात. तिथे फायब्रोब्लास्टवरचा टीएलआर-४ तुटक्या-फुटक्या प्रथिनांमुळे पेटतो आणि पेशी जास्तच कोलॅजेन ओततात. उंदरात तो रोखला तर वण कमी होतात. म्हणजे रिसेप्टर एकच. भिंत बांधणाऱ्या पेशीवर असला तर तारतो, प्लास्टर ओतणाऱ्या पेशीवर असला तर बुडवतो. आता सांगा, याला 'वाढवायचं' की 'कमी करायचं'? इम्युनिटी म्हणजे गॅसचं बटण नव्हे, मंद आणि मोठा करायला.

एकदा रात्री उशिरा असल्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होतो. निरोगी फुफ्फुसाचा काप म्हणजे नाजूक लेस, मध्ये पांढऱ्या मोकळ्या जागा. शेजारच्या काचेवर ब्लिओमायसिन दिलेल्या उंदराचा काप होता, कोलॅजेन निळं दिसेल असा रंगवलेला. लेस शोधायला काच सरकवत गेलो. कडेपर्यंत निळंच.

डॉ_फुंकर
सोमवार, रात्री ११:००

'दाबा' पक्षासाठी माझे दोन पैसे. मी शिकत होतो तेव्हा आयपीएफला आम्ही प्रेडनिसोलोन, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटाइलसिस्टीन असं त्रिकूट सर्रास देत असू. तर्क तुमच्या मावसभावाचाच. मग अमेरिकेत पँथर नावाची चाचणी झाली. त्रिकूट घेणारे ७७, नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणारे ७८. निम्मी माहिती जमली तेव्हा पाहिलं तर त्रिकुटात ८ मृत्यू, दुसरीकडे १. इस्पितळात भरती २३ विरुद्ध ७. तो गट तिथेच थांबवला. निकाल २०१२ मध्ये छापून आला आणि आमच्या औषधांच्या चिठ्ठ्या बदलल्या. आधी ज्यांना ते त्रिकूट लिहून दिलं होतं, त्यांतले काही चेहरे अजून आठवतात.

पण थांबा, हे वाचून कुणी स्टेरॉइड परस्पर बंद करू नका! हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये, विशेषतः सूज ताजी असताना, स्टेरॉइडचा उपयोग होतो. स्कॅनमध्ये वण सारखेच दिसू शकतात, आजार वेगळे असतात. म्हणून तर आम्ही कबुतर, कूलर, गाद्या, हुक्का सगळं विचारत बसतो. आणि बराच काळ घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडणं वेगळंच संकट आहे.

गुळवेलीबद्दल: २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं लिहिलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वादात पडत नाही. एवढंच सांगतो की वण रोखणाऱ्या पिरफेनिडोन आणि निन्टेडानिब या दोन्ही गोळ्यांवर यकृताची तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते. त्यात आणखी एक संशयित घालू नका, मग गोळी नडली की काढा नडला ते कळायला मार्ग राहत नाही.

उगाच_एक
मंगळवार, सकाळी ८:१०

(प्रतिसाद काढून टाकला आहे.)

आजोबा१९५२
मंगळवार, सकाळी १०:२०

मी स्वतः आयपीएफचा रुग्ण आहे. चार वर्षं झाली. निन्टेडानिबच्या सकाळ-संध्याकाळ दोन गोळ्या. पोट बिघडतं, त्यामुळे रात्री ताकभात आणि प्रवासात लोमोटिल. सहा मिनिटं चालायची चाचणी असते. कॉरिडॉरमध्ये पोरगी घड्याळ घेऊन मागे चालते आणि मला शाळेतल्या शर्यतीची आठवण होते. फरक इतकाच की तेव्हा मागे कुणी ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन येत नसे.

प्रश्न असा की माझ्या धाकट्या भावालाही हाच आजार निघाला. आमच्या घरी ना कूलर ना कबुतर. रक्तातच काही असतं का? मुलांना तपासायला सांगू का?

तंतूवाद्य
मंगळवार, रात्री ८:४५

आजोबा, नमस्कार. मीनाक्षीताईंच्या 'एकट्या मावशींनाच का' याचं उत्तरही यातच येतं.

सगळ्यात मोठा दुवा २०११ मध्ये सापडला: म्यूसी-५बी या चिकट श्लेष्म बनवणाऱ्या जीनच्या आधीच्या भागातलं एक अक्षर बदललेलं असणं. ते असलं तर आयपीएफचा धोका बराच वाढतो. पण २०१३ मध्ये असंही दिसलं की आजार झाल्यावर हा बदल असलेले रुग्ण सरासरीने जास्त जगतात. उपजत प्रतिकारशक्तीची ही खोड मला अजून पुरती पचलेली नाही.

दुसरा टॉलिप. हा टोलनाक्यावरचा हवालदार, टीएलआरची शिट्टी फार वेळ वाजू लागली की हात धरणारा. त्याच्या जीनमधले बदलही २०१३ मध्ये आयपीएफशी जोडले गेले.

तिसरा टीएलआर-३, विषाणूंचा आरएनए ओळखणारा. त्यात ४१२ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असेल तर रिसेप्टर मंद होतो. असा बदल असलेल्या आयपीएफ रुग्णांची फुफ्फुसं लवकर घसरली आणि मृत्यूही जास्त दिसले. म्हणजे इथे शिट्टी कमी वाजण्याने नुकसान. इंटरफेरॉन हे विषाणूंशी लढणारं प्रथिन पुरेसं बनत नाही आणि गवंड्यांना आवरणारं कुणी राहत नाही. टीएलआर-९ च्या बाबतीत मात्र २०१० च्या एका अभ्यासात तो ज्यांच्या फुफ्फुसात जास्त, त्यांचा आजार वेगाने वाढला होता. एकाच आजारात ३ नंबरचा मंद नको आणि ९ नंबरचा तिखट नको.

मुलांच्या तपासणीबद्दल डॉक्टरच बोलोत.

डॉ_फुंकर
मंगळवार, रात्री १०:१५

आजोबा, दोन सख्ख्या भावांना असेल तर तो घराण्यातला आजार धरतात. तुमच्या डॉक्टरांना भावाबद्दल नक्की सांगा. मुलांना सुका खोकला किंवा जिना चढताना दम असेल तर लवकर दाखवा, आणि सिगरेट असेल तर आजच बंद. टीएलआरची तपासणी मात्र करून घेऊ नका. त्यावरून औषध बदलायची वेळ अजून आलेली नाही.

टॉलिपच्या जीनमागे लपलेली एक गोष्ट सांगतो. पँथरमध्ये नुसतं एन-ॲसिटाइलसिस्टीन घेणाऱ्यांना एकूण फायदा दिसला नव्हता. २०१५ मध्ये त्याच रुग्णांचे टॉलिपचे नमुने लावून पुन्हा पाहिलं, तर एका प्रकारच्या लोकांना फायदा आणि दुसऱ्या प्रकारच्यांना उलट त्रास असा कल दिसला. मागाहून लावलेला हिशेब आहे, त्यामुळे दुकानातून ती फसफसणारी गोळी आणून सुरू करू नका. पण 'शेजारच्या जोशीकाकांना लागू पडलं' हे वाक्य का फसवं असतं ते यातून दिसतं.

सिडनीकर
बुधवार, दुपारी ४:००

जाता जाता, सिलिकोसिस (दगडातल्या सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) हाही याच माळेतला ना? इथे ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशा बनवण्या-बसवण्यावर बंदी आली. किचनचे ओटे कापणारी पोरं तिशी-चाळिशीत फुफ्फुसं घालवून बसत होती. आमचा ओटा २०१९ चा. बसवताना तो माणूस अंगणात कोरडाच कापत होता, पांढरा धुरळा कुंपणापर्यंत. मी त्याला चहा नेऊन दिला होता. आता ते आठवलं की कसंसंच होतं.

तंतूवाद्य
बुधवार, रात्री ९:००

हो, आणि तिथलं यंत्र सगळ्यात स्वच्छ कळलेलं आहे. तिथला पहारेकरी पेशीच्या आत असतो: एनएलआरपी-३. मॅक्रोफेज पेशी सिलिकाचा कण जंतू समजून गिळते. जंतू पोटातल्या आम्लात विरघळतो, सिलिका विरघळत नाही. टोकदार कण ती पिशवीच फाडतो, आतला ऐवज सांडतो, एनएलआरपी-३ जागा होतो आणि आयएल-१ बीटा हे सूज आणणारं प्रथिन बाहेर पडतं. २००८ मध्ये दोन-तीन गटांनी जवळपास एकाच वेळी हे दाखवलं, ॲस्बेस्टॉससाठीही. पेशी मरते, कण तसाच राहतो, पुढची पेशी येऊन तोच कण गिळते. म्हणून काम सोडल्यावरही आजार वाढत राहू शकतो. आपल्याकडे खंबातचे अकीक घासणारे आणि मंदसौरचे पाटीवरच्या पेन्सिली बनवणारे कामगार यातच गेले. त्यांची बातमी ओट्यांएवढी कधी झाली नाही.

औषधांचं विचाराल तर टीएलआरवर बेतलेलं एकही औषध अजून फायब्रोसिससाठी दवाखान्यात पोचलेलं नाही. जवळचा प्रयत्न पेंट्रॅक्सिन-२ चा होता. रक्तात फिरणारं, मोडतोड ओळखणारं उपजत प्रतिकारशक्तीचंच प्रथिन. २०१८ मध्ये छोट्या चाचणीत आशा दाखवली, मोठ्या चाचणीत काहीच फायदा दिसेना म्हणून ती मध्येच थांबवली. सध्या हातात आहेत त्या पिरफेनिडोन आणि निन्टेडानिब, आणि २०२५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेलं नेरँडोमिलास्ट. ही सगळी औषधं घसरण मंदावतात, पडलेला वण पुसत नाहीत.

मीनाक्षी_ठाणे
गुरुवार, सकाळी ११:३०

मग मावशींचं आता काय चाललंय?

तंतूवाद्य
गुरुवार, रात्री १०:०५

निन्टेडानिब सुरू झालंय. आयपीएफ नसलेल्या पण वाढत जाणाऱ्या फायब्रोसिसवर त्याची ६६३ रुग्णांची चाचणी २०१९ मध्ये आली होती. फुफ्फुसाची क्षमता वर्षाला १८८ मिलिलिटर घसरायची ती ८१ वर आली. मावशीला आकडा सांगितला तर म्हणाली, "म्हणजे रोजच्या चहाचा अर्धा कप वाचला."

डक्टला जाळी बसवली. जाळीवाल्या पोराने कोरडी विष्ठा झाडूने खरवडायला घेतली, तेव्हा मी ओरडून थांबवलं. आधी पाणी मारून सगळं भिजवायला लावलं, त्याला मास्क दिला, मावशीला दिवसभर बहिणीकडे पाठवलं. तीन गोणी निघाल्या. घरातले पडदे, गाद्या, खिडकीतल्या उशा काढून टाकल्या, कारण पिसांवरची पांढरी भुकटी कापडात महिनोन्‌महिने राहते. काका अजून काढा उकळतात, पण आता स्वतःच पितात.

नागपुरी_संत्रं
शुक्रवार, सकाळी ७:४०

काल रविवारची वाट न बघता कूलर उघडला. तिन्ही बाजूंचे गवताचे ताटे काढले. वरून पिवळं दिसत होतं, पण पाण्याच्या बाजूला हात लावला तर गुळगुळीत काळं. बाबा त्याच्याच समोर खाट टाकून झोपतात, दोन उन्हाळे खोकताहेत आणि आम्ही त्याला 'उन्हाचा खोकला' म्हणत होतो. डॉक्टर, व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघाल का?

डॉ_फुंकर
शुक्रवार, सकाळी ८:१५

बघितला. खाट आजच हलवा. एक्स-रेवर भागवू नका, सुरुवातीला तो साफ दिसू शकतो. जवळच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि काढलेल्या ताट्याचा मोबाइलवर फोटो काढून सोबत न्या.